पुसून टाकल्याचा व्हिडिओ

२०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत, उत्तर अमेरिकेतल्या शाळांना कुलपं होती आणि शाळांचं दप्तर मात्र उघडं पडलं होतं. १९ ते २८ डिसेंबर या दिवसांत कुणीतरी पॉवरस्कूल या कंपनीच्या यंत्रणेत शिरून विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या नोंदी उचलून नेत होतं. कंपनीला ते २८ तारखेला कळलं. शाळांना कळलं ७ जानेवारी २०२५ ला. पालकांना त्याहून पुढे कधीतरी, ज्याच्या त्याच्या शाळा-बोर्डाच्या (एका भागातल्या शाळा चालवणारी संस्था, अमेरिकेत तिला शाळा-जिल्हा म्हणतात) सवडीने.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. संगणक चालू-बंद करता येतो एवढ्या पात्रतेवर शाळेचं ऑनलाइन कामही माझ्याच गळ्यात पडलं आहे: सरल आणि यु-डायस प्लस ही सरकारी पोर्टलं, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यार्थ्यांचे अपार ओळख-क्रमांक. ओघानेच 'इंटरनेटवर सुरक्षित कसं राहावं' हा तासही दरवर्षी मीच घेते. पासवर्ड अवघड ठेवा, अनोळखी लिंक उघडू नका, ओटीपी सांगू नका. पॉवरस्कूलचं प्रकरण नीट वाचलं आणि हा तास किती तोकडा आहे ते लक्षात आलं.

पॉवरस्कूल म्हणजे काय, तर शाळेचं अख्खं दप्तर. हजेरी, गुणपत्रक, पत्ता, पालकांचे फोन, मुलाला कशाची ॲलर्जी आहे, सगळं एका ठिकाणी. आपल्याकडे हे काम सरकारी पोर्टलवर चालतं, तिथे शाळा ते खासगी कंपनीकडून विकत घेतात. १९९७ मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर मधली काही वर्षं ॲपलच्या मालकीचं होतं. चोरीच्या जेमतेम तीन महिने आधी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ही कंपनी ५६० कोटी डॉलरना घेतली. मुलांच्या हजेरीपटाला एवढा भाव येतो हे वाचून आमचे मुख्याध्यापक दोन मिनिटं गप्प बसले होते. एरवी ते बसत नाहीत.

चोरी झाली कशी, ते ऐकायला फार साधं आहे. शाळेचं सॉफ्टवेअर अडलं की कंपनीचा माणूस दुरूनच आत शिरून दुरुस्ती करतो. त्यासाठी 'पॉवरसोर्स' नावाचं एक मदत-पोर्टल होतं. त्या पोर्टलचं एक चोरलेलं लॉगइन चोराच्या हाती लागलं. दार फोडावं लागलं नाही, चावीच मिळाली. आत दुरुस्तीसाठी ठेवलेलं एक साधन होतं, त्याने एकेका शाळा-जिल्ह्याचे दोन तक्ते, 'विद्यार्थी' आणि 'शिक्षक', फाइल करून उतरवून घेता येत होते. आपण एक्सेलची फाइल डाउनलोड करतो त्यातलाच प्रकार. गूगलच्या खात्यात नव्या फोनवरून शिरताना मोबाइलवर दुसरी खूण विचारली जाते, तसली दुसरी पायरी या पोर्टलला नव्हती. दहावीच्या मुलांना इन्स्टाग्रामसाठी मी जी पायरी चालू करायला लावते, ती लाखो मुलांचं दप्तर सांभाळणाऱ्यांनी या दाराला लावलेली नव्हती.

पुढे क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने तपास केला, तेव्हा तेच लॉगइन ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्येही वापरलं गेल्याचं दिसलं. शिरणारा तोच होता की दुसरा, हे ठरवण्याएवढ्या जुन्या नोंदी शिल्लक नव्हत्या. मुलांच्या नोंदी दशकानुदशकं जपलेल्या होत्या, पण दारातून कोण आलं-गेलं याची वही काही महिन्यांतच कोरी.

कॅनडात ओंटारियो आणि आल्बर्टा या प्रांतांच्या गोपनीयता आयुक्तांनी शाळा-बोर्डांनाही जाब विचारला. दुरून शिरण्याचं हे दार गरजेपुरतं उघडून पुन्हा बंद करण्याची सोय बोर्डांकडे होती. अनेकांनी ते कायमचं उघडं ठेवलं होतं. मला यात नवल वाटलं नाही. आमच्या ऑफिसात पोर्टलचा युजर आयडी आणि पासवर्ड कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला होता, खडूने नव्हे, स्केच पेनने, म्हणजे पुसला जाऊ नये म्हणून.

किती नोंदी गेल्या याचा आकडा चोराने स्वतःच सांगितला: ६,५०५ शाळा-जिल्हे, ६,२४,८८,६२८ विद्यार्थी, ९५,०६,६२४ शिक्षक. चोराचा हिशेब म्हणून तो तेवढ्यापुरताच धरायचा. पण सरकारी वकिलांनी पुढे कोर्टात मांडलेल्या खंडणीच्या धमकीतही सहा कोटींच्या आसपासच विद्यार्थी आहेत.

आकड्यापेक्षा मला त्या तक्त्यात काय होतं ते जास्त लागलं. नाव, जन्मतारीख, पत्ता, पालकांचे फोन हे झालंच. काही जिल्ह्यांच्या नोंदींत सोशल सिक्युरिटी क्रमांक होता, म्हणजे अमेरिकेत ज्याच्यावर कर्जापासून नोकरीपर्यंत सगळं चालतं तो. काहींत मुलाचे आजार होते, औषध किती वाजता द्यायचं ते होतं. आणि काहींत, कोर्टाच्या आदेशाने कुठल्या पालकाला मुलाच्या जवळ फिरकायची मनाई आहे, तेही होतं. जी आई मुलाला घेऊन मारकुट्या नवऱ्यापासून लांब राहायला गेली, तिने नवा पत्ता शाळेला द्यायलाच हवा होता. तिने तो दिला. तिची चूक कुठे काढणार?

टोरांटोच्या जिल्हा शाळा-बोर्डाने सांगितलं की १ सप्टेंबर १९८५ पासून २८ डिसेंबर २०२४ पर्यंत जे कुणी आमच्या शाळांत शिकले, त्यांच्या नोंदींना धोका पोहोचलेला असू शकतो. जवळजवळ चाळीस वर्षं. १९८५ मध्ये बालवाडीत गेलेलं मूल आज पंचेचाळिशीला आलं, त्याची स्वतःची मुलं त्याच बोर्डात शिकत असतील, आणि बापलेक दोघांचीही नोंद एकाच चोरीत गेली असेल. जुन्या नोंदींत आरोग्य कार्डाचा क्रमांकसुद्धा होता. शेजारच्या पील बोर्डाचं नावही चोराच्या यादीत वरच्या ओळींत होतं. मिसिसागा आणि ब्रॅम्प्टन त्याच बोर्डात येतात. तिकडे मराठी घरंही बरीच आहेत, तेव्हा 'हे अमेरिकेतलं, आपल्याला काय' असं म्हणणाऱ्या पालकांना मी एवढंच विचारते की तुमच्या भावकीतलं कुणी कॅनडात नाही का.

हे सगळं मी नववीच्या वर्गात सांगितलं आणि विचारलं, यातल्या मुलांनी काय चूक केली? वर्ग हुशार आहे, उत्तरं भराभर आली. पासवर्ड सोपा ठेवला असेल. लिंक उघडली असेल. फोटो टाकले असतील. प्रत्येक उत्तराला मी नाही म्हणत गेले. शेवटी मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, त्यांनी नुसतं ॲडमिशन घेतलं." बरोबर. नुसतं ॲडमिशन घेतलं.

मग आम्ही फळ्यावर दोन रकाने केले. चोरीला गेल्यावर बदलता येतं ते डावीकडे, येत नाही ते उजवीकडे. पासवर्ड डावीकडे. फोन नंबरवर वाद झाला. एकाच्या घरी एकच नंबर आहे, आईचा. शाळेत तोच, बँकेत तोच, गॅसला तोच, रेशनलाही तोच. "तो बदलायचा म्हणजे पाच ठिकाणी जायचं," तो म्हणाला. नंबर रेषेवरच राहिला. जन्मतारीख, आईचं नाव, आधार क्रमांक, जात, आजार, बोटाचे ठसे सगळे उजवीकडे. उजवा रकाना भरत गेला तशी मुलं शांत झाली. दर जूनमध्ये शाळा नेमकं या उजव्या रकान्यातलंच मागते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. माझ्याही.

लहान मुलाच्या माहितीवर चोराचा डोळा असण्याला कारण आहे. मोठ्या माणसाच्या नावावर कुणी कर्ज काढलं तर बँकेचा मेसेज येतो, महिन्याभरात बोंब होते. दहा वर्षांच्या पोराच्या नावावर काढलेलं कर्ज पोरगं अठराचं होऊन शैक्षणिक कर्ज मागायला जाईपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून अमेरिकेत २०१८ पासून सोळा वर्षांखालच्या मुलाच्या नावाची पत-नोंद पालकांना फुकट गोठवता येते, म्हणजे त्या नावावर नवं कर्ज काढणं अवघड होतं. पॉवरस्कूलने त्यापलीकडे दोन वर्षं ओळख-चोरीवर नजर ठेवण्याची सेवा देऊ केली. दोनच वर्षं. जन्मतारीख त्यानंतरही तीच राहणार आहे.

आपल्याकडे शाळेच्या माहितीचा गैरवापर वेगळ्या वाटेने होतो. "नमस्कार, तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झाली आहे. यत्ता नववी, तुकडी ब, बरोबर ना? आईचं नाव अमुक?" एवढं अचूक सांगणारा माणूस खोटा असेल असं वाटतच नाही. पुढे येतो ओटीपी. आईला ओटीपी सांगू नये हे माहीत असतं, टीव्हीवर ऐकलेलं असतं. पण तुकडी माहीत असलेल्या माणसाला ती परका समजत नाही. ओटीपीचा नियम शिकवताना हे मी कधीच सांगितलं नव्हतं: तुमच्याबद्दल खरं बोलणारा फोनही खोटा असू शकतो. आता तासाची सुरुवात तिथून करते. फोन ठेवायचा आणि शाळेच्या ओळखीच्या नंबरवर आपण उलट फोन करायचा.

या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग खंडणीचा आहे.

चोराने २८ लाख ५० हजार डॉलर मागितले, बिटकॉइनमध्ये. पॉवरस्कूलने पैसे दिले. असले व्यवहार करणारे मध्यस्थ असतात, त्यांच्यामार्फत बोलणी झाली, आणि कंपनीला एक व्हिडिओ मिळाला. चोरलेल्या फाइली पुसून टाकतानाचा व्हिडिओ. माहिती नष्ट झाली आहे असं आम्हाला वाटतं, असं कंपनीने शाळांना कळवलं.

फाइलची एक प्रत पुसताना दाखवली म्हणजे दुसरी नाही हे कसं सिद्ध होतं, हा प्रश्न माझ्या नववीला पडला, कंपनीच्या वकिलांना पडला नसेल असं मला वाटत नाही. त्यांनी जुगार खेळला. मे २०२५ मध्ये तो फसला. टोरांटोच्या बोर्डाला आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांना सरळ धमक्या येऊ लागल्या: तुमच्या मुलांची माहिती आमच्याकडे आहे, पैसे द्या. माहिती तीच, डिसेंबरमधली. पैसे दिल्याचं कंपनीने कबूल केलं, आणि चोर शब्द पाळणार नाही हा धोका होताच असंही सांगितलं.

अकरावी-बारावीच्या वर्गात मी हे अगदी सावकाश सांगते, कारण हाच खेळ त्यांच्या फोनवर चालतो. अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते, दोन दिवस गोड बोलणं, मग रात्री व्हिडिओ कॉल. दुसऱ्या दिवशी स्क्रीन-रेकॉर्डिंग आणि मित्रांच्या यादीचा फोटो. "पाच हजार टाक, तुझ्यासमोर डिलीट करते." पोरगं बापाच्या खिशातून, मित्राच्या उसनवारीतून, कसंही करून पाच हजार टाकतं. तिकडून डिलीट केल्याचा स्क्रीनशॉटही येतो. चार दिवसांनी पंधरा हजारांची मागणी. वकील, मध्यस्थ आणि कोट्यवधी डॉलर हाताशी असलेल्या कंपनीला 'पुसलं' या शब्दाची खात्री विकत घेता आली नाही. सतरा वर्षांच्या मुलाला ती पाच हजारांत कुठून मिळणार? पैसे दिले की 'हा देतो' एवढंच समोरच्याला कळतं.

अशा वेळी करायचं ते मी फळ्यावर लिहून देते, मुलं ते वहीत न उतरवता नुसतं बघतात, कारण वही घरी कुणीतरी वाचेल. पैसे द्यायचे नाहीत. संभाषण पुसायचं नाही, तो पुरावा आहे, त्याचे स्क्रीनशॉट काढायचे, मग ब्लॉक. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन, कारण जितकं लवकर कळवू तितकी रक्कम वाटेत अडण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांविषयीच्या अशा तक्रारी नाव न देताही करता येतात. अठराच्या आतल्या मुलांसाठी 'टेक इट डाउन' नावाची फुकट सेवा आहे. तिच्यात फोटो कुणाला पाठवावा लागत नाही, आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि सहभागी कंपन्या त्या ठशावरून तो फोटो ओळखून काढून टाकतात. आणि घरच्या एका माणसाला सांगायचं. मुलं इथे मान खाली घालतात. मी मग म्हणते, घरी नाही जमत तर मला सांगा. आतापर्यंत तिघं आले.

चोर कोण होता? मे २०२५ मध्येच मॅसॅच्युसेट्समधल्या एका मुलावर आरोपपत्र दाखल झालं. वय १९, वूस्टरमधल्या असम्प्शन विद्यापीठाचा विद्यार्थी. विद्यार्थ्यांची माहिती चोरणारा विद्यार्थीच निघाला. जूनमध्ये त्याने गुन्हा कबूल केला, ऑक्टोबर २०२५ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली आणि सुमारे १ कोटी ४० लाख डॉलर भरपाई द्यायचा आदेश. कॉम्प्युटरचं वेड असलेली, 'मॅडम, तुमचा वायफाय पासवर्ड मी काढून दाखवू?' असं विचारणारी पोरं माझ्याही वर्गात आहेत. पूर्वी मी त्यांना हसून सोडून देत असे. आता हे वय आणि ही शिक्षा दोन्ही सांगते.

शिक्षा झाली म्हणून उजव्या रकान्यातलं काही परत आलेलं नाही. त्यामुळे खरा प्रश्न आधीचा उरतो: एवढं साठवलं कशाला? टोरांटोमध्ये १९८७ साली शाळा सोडलेल्याचा आरोग्य क्रमांक २०२४ मध्ये कुणाला लागत होता? जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही. मला विचाराल तर विद्यार्थ्याच्या हातातलं सगळ्यात मोठं हत्यार पासवर्ड नाही, फॉर्ममधला रिकामा सोडलेला रकाना आहे. इतक्या वर्षांत रकाना रिकामा सोडा असं मी एकाही मुलाला सांगितलं नव्हतं. उलट रिकामा रकाना दिसला की फॉर्म परत पाठवत होते.

त्यात माझीही अडचण आहे. आमची संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार, ते आधार वैध झालेल्या मुलांच्या संख्येवर ठरतं. एक आधार जुळलं नाही तर एक मूल पटावर असून नसल्यासारखं. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही असं म्हटलं आहे. निकाल एका बाजूला आणि संचमान्यतेचा तक्ता दुसऱ्या बाजूला, मध्ये आम्ही. प्रवेश कुणाचा अडवत नाही, पण आधारसाठी पालकांच्या मागे लागतो, हे खरं आहे.

कायदा आता येतो आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे. अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला त्यात मूल मानलं आहे आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागणार आहे. माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. शिक्षणसंस्थांना काही बाबतींत सवलत दिलेली आहे, ती किती ताणली जाते ते बघावं लागेल.

तोवर पालकसभेत मी तीन प्रश्न विचारायला सांगितले: हे कशाला हवं, कोण बघणार, आणि मूल शाळा सोडून गेल्यावर याचं काय होणार. आधारची झेरॉक्स द्यायचीच असेल आणि पूर्ण क्रमांक लागत नसेल, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. झेरॉक्सवर 'अमुक कामासाठी' असं लिहून तारीख टाका. वर्गाच्या ग्रुपवर मुलीच्या वाढदिवसाचा फोटो टाकताना खाली जन्मसाल लिहू नका. सभेतल्या एका वडिलांनी तिथेच विचारलं, "मॅडम, मागच्या वर्षी तुम्हीच व्हॉट्सॲपवर आधारचे फोटो मागवले होते, त्यांचं काय झालं?"

मागवले होते. 'सरल माहिती' या नावाचा ग्रुप, चाळीस-बेचाळीस पालक, आम्ही तीन शिक्षक आणि ऑफिसातले भाऊसाहेब. मुदत उद्याची होती, झेरॉक्स मशीन बंद होतं, आणि सगळ्यांनी आपापल्या मुलांची आधार कार्डं, पुढून-मागून, धडाधड ग्रुपवर टाकली होती. कुणाचं कार्ड कुणाला दिसू नये हा विचार तेव्हा एकालाही शिवला नाही. मलाही नाही.

सभा संपल्यावर मी भाऊसाहेबांना सांगितलं, तो ग्रुप रिकामा करा. व्हॉट्सॲपवर टाकलेलं सगळ्यांच्या फोनवरून काढायची मुभा दोन-अडीच दिवसच असते, ती केव्हाच संपली होती. पण भाऊसाहेब कामाचे चोख. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला, सोबत एक छोटा व्हिडिओ. त्यांनी ग्रुप उघडला, 'क्लिअर चॅट' दाबलं, पांढरी स्वच्छ पाटी. खाली लिहिलं होतं, "मॅडम, सगळं पुसलं."

मी माझ्या फोनची गॅलरी उघडली. जून महिन्यापर्यंत मागे गेले. सगळी कार्डं होती, पुढून आणि मागून.